चार नंबरच्या टाकीतला घास

माशांचा गू कोणी जपून बाटलीत भरतं, बाटलीवर तारीख-वार लिहितं आणि ती बाटली बर्फात निजवतं, हे गावानं पुष्पांजलीच्या रूपानं पहिल्यांदाच पाहिलं. तेही लांबून, वावराच्या धुऱ्यावर उभं राहून. जवळ यायची कोणाची छाती नव्हती. शेजारच्या वावरातला भाऊराव तेवढा रोज तिकडूनच आवाज द्यायचा.

"काय व पुष्पाबाई, आज कितीक निघालं? पावशेर?"

पुष्पांजली काय उत्तर देणार? तिच्या तोंडात सलाईनची नळी असायची. नळीचं दुसरं टोक टाकीच्या तळाशी. गालफडं आत ओढून ती पाणी चोखायची, ते ओठाशी आलं की नळी झटकन खाली करायची. मग तळाशी पडलेला हिरवट दोरा पाण्याबरोबर सरकत यायचा आणि बारीक जाळीच्या कापडावर उतरायचा. दोरा अख्खा आला पाहिजे. तुटला की विरघळतो, विरघळला की मोजमाप चुकतं. वाकून वाकून कंबर धरून यायची, गुडघ्यांवर टाकीच्या कडेचे वळ उठायचे. आणि कितीही जपलं तरी घोटभर पाणी तोंडात जायचंच. ती थुंकायची, तीनदा चूळ भरायची, तरी त्याची शेवाळी चव दुपारच्या भाकरीला लागायची. टाक्यांतलं पाणी तळ्यातून भरलेलं होतं, आणि त्या तळ्यात तेरा महिन्यांमागं तिचा नवरा भागवत बुडून मेला होता.

शेततळं भागवतनंच खोदून घेतलं होतं. आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. हा कागद ओला झाला आणि त्यावर शेवाळ धरलं की मांजरालासुद्धा पाय रोवता येत नाही. गेल्या वर्षीच्या श्रावणात, पोळ्याला आठ दिवस होते, सकाळी त्यानं बोटभर लांबीची रोहूची पिल्लं तळ्यात सोडली. सोडताना तळहातानं पाण्यावर दोन थापा मारल्या. थाप, थाप. "अशी सवय लावली ना, की हाक मारल्यावानी येतात," तो म्हणाला होता. संध्याकाळी कोंडा टाकायला म्हणून गेला तो आलाच नाही. तो गावात गेला असेल, पोळ्याची झूल पाहत बसला असेल, असं समजून पुष्पांजलीनं ताट झाकून ठेवलं.

सकाळी सापडला. नखांत हिरवं शेवाळ गच्च भरलेलं होतं आणि काठाजवळच्या कागदावर नखांच्या लांब रेघा होत्या. पिल्लांना दात नसतात, ती चोखतात. ओठ आणि कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडून उसवल्यासारख्या झाल्या होत्या. पुष्पांजलीनं ते पाहिलं, सासू झुंबरबाईनं पाहिलं, आणि मग कोणीतरी घाईनं वर धोतर टाकलं. धोतरानं काय झाकलं जातं! घंटाभरात गावभर झालं की तळ्यातल्या मासोळ्यांनी भागवत खाल्ला.

त्यानंतर गावातल्या कोणी त्या तळ्यात जाळं टाकलं नाही. मेहकरचा मासोळीवाला एकदा फटफटीवर आला, काठावर उभा राहिला आणि नारळ ठेवून परत गेला. धाकट्या दिरानं, गोविंदानं, तळ्याभोवती काटेरी तार ओढली, फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली. झुंबरबाईचा एकच धोशा होता. "त्यानं माह्यं लेकरू गिळलं. बुजवा त्याले." पेरणीआधीच तीन टिप्पर मुरूम येऊन काठाला पडला. सोयाबीन सोंगून वावर मोकळं झालं की जेसीबीला वाट होणार होती, मग एका दिवसाचं काम होतं.

पुष्पांजलीला तळं जीव की प्राण होतं असं नाही. तिला त्याची भीती वाटायची. भर दुपारीसुद्धा तिकडून डुबुक आवाज आला की हातातला विळा थांबायचा. पण मुरूम पडला की भागवत खाली राहील, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. जाळलेल्या माणसाबद्दल असं वाटू नये, हे तिलाही कळत होतं. राख पैनगंगेत सोडताना तिनं स्वतः पाहिली होती. तरी रोज पहाटे जाग आली की मुरमाचा तो ढिगारा आपल्याच छातीवर आहे असं तिला वाटायचं.

अशात शरयू आली. मत्स्य महाविद्यालयात शिकणारी, पंचविशीची, पुण्याकडची. बोलायची शाळेच्या पुस्तकासारखी, पण हात कोपरापर्यंत चिखलात घालायची, म्हणून पुष्पांजलीला ती आवडली. शरयूला तिच्या प्रयोगासाठी एका वयाचे, एका मापाचे मासे हवे होते. तेरा महिने उपाशी राहून वीतभरावर अडकलेली ही रोहू तिला पसंत पडली. तिनं घरासमोर हिरव्या जाळीखाली सहा निळ्या टाक्या मांडल्या. एक-दोनला सुकटीचं खाद्य, तीन-चारला सोयाबीन ढेपीचं, पाच-सहाला सरकी ढेपीचं. तीन आठवडे खाऊ घालायचं, आणि पडेल ते गोळा करायचं.

"सहाही टाक्यांचे आकडे स्वच्छ आले ना पुष्पाताई," ती म्हणाली होती, "तर तीन वर्षं आम्ही इथंच काम करू. कॉलेज लेखी करार करेल."

लेखी म्हणजे मुरूम पडणार नाही. पुष्पांजलीनं त्याच दिवशी सलाईनची नळी तोंडात धरली. गोविंदानंही हरकत घेतली नाही, एक दिवस कुलूप काढून शरयूला मासे आणि पाणी काढू दिलं. सोयाबीन उभं असेपर्यंत त्याचा जेसीबी तसाही आत येऊ शकत नव्हता.

"या खाद्यात हिरवी पूड घातलीय," शरयूनं समजावून सांगितलं. "माशाला ती पचत नाही. जेवढी तोंडातून गेली, तेवढीच मागून येते. बाकीचं पचून कमी होतं. म्हणून विष्ठेत पूड जितकी दाट, तितकं खाद्य जास्त पचलं."

"खिरीतल्या बदामावानी," पुष्पांजली म्हणाली. "दूध आटते, बदाम तेवढेच राह्यतात."

"अगदी तसंच!"

"अन् मॅडम, जे बाहेर येत नाही ते?"

"ते पचलं. त्याचा मासा झाला."

"मंग ते वापस नाही येत?"

"कसं येईल? थोडं जळून जातं. बाकीचं मांस, काटे, खवले. तो मासाच होतो."

शरयू सहज बोलून गेली आणि बाटल्यांना पट्ट्या चिकटवू लागली. पुष्पांजली टाकीत पाहत राहिली. ही काही दुसरीकडून आणलेली मासोळी नव्हती. त्या दिवशी सकाळी त्याच्या तळहातावरून उतरलेली हीच ती पिल्लं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

काम मात्र तिच्या हाताला बसलं. दोऱ्याच्या रंगावरून, जाडीवरून ती खाद्य ओळखू लागली. सरकीचा दोरा आखूड आणि खरबरीत, सोयाबीनचा लांब आणि मऊ. शरयू म्हणायची, आमच्या कॉलेजातल्या पोरांचे निम्मे दोरे तुटतात, तुमचा एक तुटत नाही. झुंबरबाई ओट्यावर बसून हे सगळं पाहायची. टाक्यांजवळ आली तर चार नंबरजवळच थांबायची. त्या टाकीत एक मासोळी होती, माणसाची सावली पडली की वर येऊन तोंड वासायची.

"तोंड पाह्य तिचं," म्हातारी एकदा म्हणाली. "भागवत लहानपनी असाच पाहे, भाकरीच्या वक्ती."

पुष्पांजलीच्या अंगावर काटा आला. ती नळी घेऊन पाच नंबरकडं वळली.

तीन आठवडे संपायला एकच दिवस उरला, आणि पितरांची चौदस आली. अपघातानं गेलेल्याचं पान चौदसीला. पहाटेपासून चूल पेटली. खीर, कढी, उडदाचे वडे, गवाराच्या शेंगा, लाल भोपळा. बाहेर उकाडा असा की अंगाला चोळी चिकटत होती. सोयाबीन पिवळं पडलं होतं. वारं नावालाही नव्हतं. गोविंदानं गुरांच्या कोठ्याच्या टिनावर पळसाच्या पानात घास ठेवला आणि सगळे खाली हात जोडून उभे राहिले.

समोरच्या निंबावर तीन कावळे होते. एकही हलेना.

"काय राह्यलं रे बाप्पा तुह्यं?" झुंबरबाईनं विचारलं. "तुही फटफटी कोनाले देत नाही. ये, खाय."

कावळ्यांनी मान फिरवली.

"दादा," गोविंदा म्हणाला, "वैनीले काही कमी पडू देनार नाही. अन् ज्या तळ्यानं तुले नेलं, ते दसऱ्याच्या आत बुजवतो. तुह्या नावानं सांगून राह्यलो."

एक कावळा उडाला, तोही दुसरीकडं.

"वैनी, तुमी बोला काही."

पुष्पांजलीच्या गळ्यापर्यंत शब्द आला होता. 'तळं बुजू देत नाही.' पण समोर दीर उभा, सासू उभी, भाऊकीतली चार माणसं उभी. विधवा बाईनं पितराच्या पानासमोर घरच्या कर्त्याला खोटं पाडायचं म्हणजे काय! शब्द तिथंच अडकला.

"जेवा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

कोणीतरी मागं कुजबुजलं, "हिच्यानंबी नाही झालं." ते तिला ऐकू आलं. दोन घंटे वाट पाहून माणसं जेवायला बसली. कावळा शिवलाच नाही. घास उन्हात वाळत होता.

चारच्या सुमाराला ती मागच्या दारी भांडी घासत होती. तेव्हा तिला तो आवाज आला.

थाप, थाप.

टाक्यांच्या बाजूनं. पाण्यावर तळहाताची थाप, एकीमागं एक, मध्ये तेवढंच अंतर. तिच्या हातातलं गंज निसटलं. तेरा महिन्यांत कोणी तशी थाप मारली नव्हती. उठून घराला वळसा घातला असता तर दिसलं असतं, पण ती उठली नाही. राखेनं भरलेले हात तसेच मांडीवर धरून ती बसून राहिली. पुन्हा आवाज आला नाही. नंतर टिनावर पाहिलं तर पान नव्हतं. गाईला घातलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. शरयू दुपारी बाटल्या न्यायला येणार होती. पुष्पांजलीनं सकाळी आठला खाद्य टाकलं आणि दहाला नळी घेतली. एक, दोन, तीन. हिरवे दोरे अलगद उतरले. चारमध्ये पाहिलं आणि तिचा हात थांबला.

टाकलेल्या गोळ्या तळाशी तशाच पडून होत्या. मासे सुस्त होते, पोटं तट्ट फुगलेली. हिरवा दोरा एक नाही. कुठं कुठं पांढुरकं, धुकट काहीतरी होतं, ते नळी लावायच्या आत पाण्यात विरून गेलं. आणि कोपऱ्यात भाताचं एक शीत, त्याला चिकटलेला गवाराच्या शेंगेचा तुकडा.

मग तिला कळलं. कळलं तेव्हा आधी रागच आला. एकवीस दिवस कंबर मोडून, तोंडात ते पाणी घेऊन केलेलं काम एका घासानं मातीत गेलं होतं. चार नंबर गेली की आकडे गेले, आकडे गेले की कराराचा कागद गेला. मुरमाचा ढिगारा उन्हात तापत होता.

पेटीत आजची चार नंबरची बाटली रिकामी होती. शेजारी तीन नंबरची टाकी. खाद्य तेच, मासा तोच, दोराही तोच, लांब आणि मऊ. तीनमधले दोन दोरे चारच्या बाटलीत टाकले तर कोणाच्या बापाला कळलं असतं? तिनं नळी तीनमध्ये सोडलीसुद्धा. पाणी ओठाशी आलं, ती चव जिभेला लागली, आणि तिनं नळी काढून घेतली. काल दिवसभर कावळा शिवला नव्हता. इथं मात्र कोणीतरी जेवलं होतं. ते जेवलेलं आपल्या हातानं पुसून टाकायचं, हे तिच्यानं होईना.

ती टाक्यांजवळच बसून राहिली. बारा वाजता झुंबरबाई आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पळसाचं पान. आज अमावस्येचा घास होता. सून बसलेली तिला दिसली, तरी ती थांबली नाही. चार नंबरच्या काठाशी वाकली आणि सुरकुतलेल्या तळहातानं दोन थापा मारल्या.

थाप, थाप.

"आत्याबाई," पुष्पांजली म्हणाली.

म्हातारी दचकली नाही. "कावळा शिवला नाही ना," ती म्हणाली. "मी परवाच्या रातभर इचार केला होता, नाही शिवला तं काय कराचं. तळ्यावर कुलूप हाय. मले चढाले येत नाही. पन पानी तं तेच हाय. अन् हे पाह्यतं माह्याकडं." तिनं वासलेल्या तोंडाकडं बोट केलं. "मी टिनावरचं पान काठीनं खाली ओढलं अन् म्हनलं, भागवता, कावळ्याच्या तोंडानं नसन जेवाचं तं ह्या तोंडानं जेव. खाल्लं पुष्पे त्यानं. शीत शीत उचललं."

पुष्पांजलीला काय काय बोलायचं होतं. तुम्ही माझं वाटोळं केलं, असं म्हणायचं होतं. पण म्हातारीच्या हातात ते पान होतं. त्यावर खिरीचा ओघळ आला होता, आणि ती तो दुसऱ्या हातानं टिपत होती, सांडू नये म्हणून.

पुष्पांजलीनं पेटीतून चार नंबरची बाटली काढली आणि सासूच्या हातात दिली.

"काय हाय याच्यात?"

"काही नाही. म्हनूनच देऊन राह्यली. सकाळपासून बसली मी हितं. रोज एवढे एवढे दोरे पडतात, आज पडलेच नाही. थोडंसं धुकट आलं, तेबी पान्यात गेलं." तिनं टाकीकडं बोट केलं. "बाहेर येत नाही ते अंगी लागते, मॅडम सांगत. तुमचा घास वापस नाही आला आत्याबाई. सगळा ठेवून घेतला त्यानं."

म्हातारीनं बाटली उन्हात धरली. आत काही नव्हतं. तिनं ती कपाळाला लावली, आणि तेरा महिन्यांत जी रडली नव्हती ती मटकन खाली बसून रडू लागली. प्रेत आणलं तेव्हा ती ओरडली होती, शिव्या दिल्या होत्या, तळ्यावर दगड मारले होते. रडली आज. पुष्पांजलीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. टाकीतल्या मासोळीनं अजून तोंड वासलेलंच होतं.

तीन वाजता शरयू आली, तिच्या मागोमाग गोविंदाही आला. पुष्पांजलीनं दोघांसमोर झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. शरयूचा चेहरा पडला. ती टाकीच्या कडेवर टेकली.

"एक दिवस जरी बाहेरचं खाल्लं, तरी चार नंबर धरता येणार नाही मग. सोयाबीनच्या दोनच टाक्या होत्या. ती टाकी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, आणि सर परवानगी देतील की नाही, मला सांगता येत नाही." तीन नंबरच्या टाकीकडं पाहत ती म्हणाली, "ताई, तीनमधलं भरलं असतंत तर मला कळलंही नसतं."

"मंग तुमच्या कागदावर लागलं असतं, की चार नंबरनं ढेप खाल्ली," पुष्पांजली म्हणाली. "त्यानं तं खीर खाल्ली."

गोविंदानं शरयूकडं पाहून हात जोडले. "झालं ना मॅडम आता? वैनी, वाईट नका वाटून घेऊ. बुधवारी सोयाबीन सोंगतो, गुरुवारी मशीन लावतो. दादाच्या पानासमोर बोललो मी."

"किल्ली ठेव हितं," झुंबरबाई ओट्यावरून म्हणाली.

"काऊन?"

"ठेव म्हनते ना."

"माय, तूच तं म्हने, बुजव!"

"म्हनली होती. तवा मले मालूम नव्हतं, तो उपाशी हाय म्हून." म्हातारीच्या मांडीवर ती रिकामी बाटली होती. "काल जेवला तो. जेवत्या मानसाच्या ताटावर मुरूम टाकतं का बे तू? टिप्पर आन अन् उचल ते सगळं. पन एक सांगून ठेवते, पुष्पे. एकबी मासोळी बजारात जानार नाही. माह्यं लेकरू कोनाच्या कढईत नाही गेलं पाह्यजे."

पुष्पांजलीनं खाली पाहिलं. तळं राहिलं होतं, पण कसं राहिलं होतं! त्यातलं काही विकायचं नाही, काही काढायचं नाही. जन्मभर नुसतं खाऊ घालायचं. तेवढ्यासाठीच आपण झुरत होतो का, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर होय असंच आलं. ते उत्तर तिला भ्यायला लावणारं होतं.

गोविंदानं करदोड्याची गाठ सोडली आणि किल्ली ओट्यावर ठेवली.

ऊन उतरल्यावर पुष्पांजली तळ्यावर गेली. कुलूप गंजलं होतं, दोनदा फिरवल्यावर उघडलं. काठाला नंतर बांधलेली गाठींची दोरी होती, ती तिनं मनगटाला दोन वेढे घालून धरली आणि कागदावर बसत बसत पाण्यापर्यंत उतरली. नखांच्या रेघा अजून होत्या. पाऊस, ऊन, शेवाळ, सगळं वरून गेलं तरी त्या गेल्या नव्हत्या. तिनं एका रेघेवर बोट ठेवलं. ती रेघ तिच्या बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर थांबली होती, वरच्या कोरड्या कागदापासून.

पाणी काळंभोर, हलत नव्हतं. तिला परत जावंसं वाटलं. पण काल जे बोलायचं राहिलं होतं, ते घशात तसंच होतं. तिनं तळहात उघडला आणि पाण्यावर मारला, दोनदा.

बराच वेळ काही झालं नाही. मग खालून, खोलातून पाणी फुगलं. एक तोंड वर आलं, मग दुसरं, मग इतकी की मोजता येईनात. सगळी उघडी, सगळी तिच्याकडं.

"कोनी बुजवत नाही तळं," ती म्हणाली. शब्द स्पष्ट निघाला. "मी बुजू देत नाही. जेवा."

पदरात बांधून आणलेली भाकर तिनं मोडून टाकली. ती बुडायच्या आत संपली.